दोन बोटांचं काम

चोपडा, लासूर रस्ता, मे महिना.
पाना उन्हात राहिला तर फडक्यानं उचलावा लागतो.
रिमला बारेला डर्ट बाईक लिंबाखाली लावते
आणि चहाचा ग्लास उजव्या हातात घेते.
डावा मांडीवर, उताणा,
बोटं अर्धी मिटलेली,
मुठीत अजून लिव्हर असल्यासारखी.

“क्लच जड झालाय.”
एवढंच. मग चहा संपल्यावर:
“पाड्यावर पोराचं बोट या हातानं धरते मी.
थेंब काढायचा, काचेवर घ्यायचा.
हात थरथरला की पोर सुईला नाही,
मला घाबरतं.”

धुडकूआबा उठून लिव्हर दाबतो, दात दाखवतो:
“हाऊ क्लच नही शे भो, हातपंप शे.
पानी कव्हय येई?”
मग सल्ले. स्प्रिंगा बदल. प्लेटा बदल.
शेजारचा निसारभाई शिवण न थांबवता म्हणतो,
गाडीच बदल.

मी आधी काहीच बदलत नाही.
इंजिनाकडचं टोक सोडवतो,
दांडीला पक्कड लावून वळवतो:
वळते, गुपचूप जागेवर येते.
इंजिन सुटलं.
लिव्हरचा बोल्ट काढतो. त्यावर मुरमाची धूळ
आणि कुणीतरी कधीतरी लावलेलं ग्रीस,
गुळाच्या काकवीसारखं घट्ट झालेलं.
पेट्रोलनं धुतो, पुसतो, थोडंसं नवं लावतो.

मग केबल. ती लिंबाच्या फांदीला टांगतो,
वरच्या तोंडाला दुधाच्या पिशवीचा कोपरा बांधतो
आणि निसारभाईच्या मशीनचं तेल
त्यात थेंब थेंब.
खाली ठेवलेल्या झाकणात आधी काळं पडतं,
मग चहासारखं,
मग बाटलीत होतं तसं.
याला वेळ लागतो. रिमला काचपट्ट्यांचा डबा
सावलीबरोबर सरकवत राहते.

हातात धरून तार ओढली तर
लोण्यातून गेल्यासारखी जाते.
गाडीला लावली,
पुन्हा हातपंप.

धुडकूआबा काही बोलत नाही. ते जास्त लागतं.

हँडल डावीकडे वळवतो,
लिव्हर आणखी ताठ.
उजवीकडे, जरा मऊ.
म्हणजे तार कुठेतरी मान मुरगळून बसलीय.
सीट काढली, टाकी उचलली,
आणि हँडलच्या मानेपाशी, फ्रेमला करकचून आवळलेली
एक काळी प्लास्टिकची पट्टी.
शेपूट तिरपं कापलेलं.
तिरपं मीच कापतो. या रस्त्यावर दुसरं कुणी नाही.

आठवलं. कानबाईचा रविवार होता,
घरी रोट मांडले होते, पोरगा दोनदा बोलवायला आला,
आणि केबल टाकीखाली लोंबकळत होती.
बांधली. ओढली. कचकन कापली.
तेव्हापासून दहा महिने
ती घाट उतरताना, नाल्यात, रेतीत
माझी घाई दाबत होती.

पट्टी कापली. तारेला मोठा, सैल बाक दिला,
हँडल दोन्ही टोकांना फिरवून पाहिलं.
आता लिव्हरला दोन बोटं पुरतात.
तिनं एकानं बघितलं.
पुन्हा एकानं. मग दोन बोटांनी, हळू,
डोळे मिटून.

“किती?”
“काही नाही.”
“का?”
निसारभाईचं मशीन नेमकं तेव्हाच थांबलं.
“पट्टी मीच बांधली होती,” मी म्हणालो,
पान्याकडे बघत.

तिनं हेल्मेट घातलं, डबा पाठीशी बांधला.
“तरी म्हटलं,” ती म्हणाली,
“गाडीचा स्वभाव तुमच्यासारखा कसा झाला.”
आणि तेलाचे वीस रुपये
निसारभाईच्या मशीनवर ठेवून गेली.

वळणावर तिनं गिअर टाकला.
ऐकायला मी हातातलं काम थांबवलं होतं.
काहीच वाजलं नाही.